सतरा सीटचा साखरपुडा

"तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?" सर्वेवाल्या मॅडमनी विचारलं.

"दोन्हीकडचे," निफाडचे अण्णा म्हणाले.

मी गाडीच्या सावलीत बसून शहाळं पीत होतो. समोर समुद्र, वाळूत माझे सतरा पॅसेंजर, आणि त्यांच्यामध्ये गळ्यात आयकार्ड, हातात फॉर्मांची पाटी घेतलेल्या मॅडम. प्रत्येक पॅसेंजर एकच सांगत होता. आम्ही सगळे एका घरातले, साखरपुड्याला चाललोय, गाडी घरचीच हाय, खर्च काही नाय, वाटेत पाय मोकळे करायला उतरलो. मला लय अभिमान वाटला. मी स्वतः चौथीत दोनदा बसलेला माणूस. पण माझे सतरा विद्यार्थी एका दमात पास होत होते.

आता हे सगळं काय होतं, ते सांगतो.

माझी सतरा सीटर गाडी हाय. दिवाळी झाली की मे संपेपर्यंत दर रविवारी नाशिक रोडहून पहाटे चारला निघायचं. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत साडेनऊपर्यंत समुद्रावर. दिवसभर लोकांनी भिजायचं, मी झोपायचं, संध्याकाळी परत. गावाचं नाव सांगत नाय, कारण तिथले सरपंच आत्ता कुठं माझ्याशी बोलायला लागलेत.

गाडीला टुरिस्ट परमिट हाय. टुरिस्ट परमिट म्हणजे पूर्ण गाडी एकाच पार्टीला भाड्याने द्यायची. सीटवारी, म्हणजे माणशी पैसे घेऊन, ओळख ना पाळख असे सतरा जण भरायचे नाहीत. मी नेमकं तेच करायचो. त्यामुळं रस्त्यात कोणी साहेबाने गाडी थांबवली तर सतरा जण एका घरातले दिसायला पाहिजेत. म्हणून त्र्यंबकला चहाचा थांबा घेतला की मी नाती वाटायचो. तुम्ही मामा, तुम्ही आत्या, तुम्ही मुलीचे काका. लोकांना पण मजा यायची. एकदा चुकून एका नवरा-बायकोला मी भाऊ-बहीण करून टाकलं. बाई म्हणाली, "राहू द्या. घरी पण हा असाच वागतो."

शिकवण एकच. हातात कागद घेऊन जो कोणी विचारेल, त्याला साखरपुडा सांगायचा. मॅडमच्या हातात कागद होता. लोकांनी सांगितलं. चूक त्यांची नव्हती.

चौथ्या रविवारी मॅडम माझ्याकडेच आल्या.

"काका, तुमच्या घरात चार आठवड्यांत चार साखरपुडे झाले."

"मोठं खानदान हाय, मॅडम."

"आणि हे काका मागच्या वेळी मुलाचे आजोबा होते. आज मोठे भाऊ आहेत."

त्यांनी पेनाने दाखवलं ते नाशिक रोडचे जोशीकाका. नोकरीतून रिटायर होऊन आठ-दहा वर्षं झालेली. काका टोपी सारखी करत म्हणाले, "समुद्राची हवा मानवते मला."

मॅडम हसल्या. हसल्या म्हणजे काही नुकसान नाय, असा मी अर्थ घेतला. मी जन्मभर असेच अर्थ घेत आलोय. पण त्या हसता हसता लिहीत होत्या.

त्याच्या पुढच्या रविवारी जयाबाईने मला ताटात एकच बोंबील वाढला.

जयाबाईचं वाळूच्या कडेला, सुरूच्या झाडांखाली छप्पर हाय. मी शनिवारी फोन करायचो, ताई, उद्या सतरा ताटं. तिच्या आठवड्याचा निम्मा धंदा माझ्या आणि नाशिकच्या दुसऱ्या गाड्यांवर चालायचा. ड्रायव्हरला जेवण फुकट आणि बोंबील तीन, हा नियम. त्यामुळं एकच बोंबील म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे मला लगेच कळलं.

"ताई, माल कमी आलाय का?"

"माल भरपूर हाय. अक्कल कमी आलीय. तुझ्याकडं."

मग तिने सांगितलं. गावाच्या एका टोकाला समुद्र घरांच्या अंगणापर्यंत आलाय. तिथं दगडी बंधारा पाहिजे, त्यावर कोणाचं दुमत नाय. पण आराखडा निघाला तो अख्ख्या किनाऱ्याचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळे दगड रचायचे. सुरू तोडायचे, मागं रस्ता करायचा, छपरं उठवायची. बीच ठेवायचा की दगड टाकायचे, हे ठरवायला एक कागद बघणार होते. या वाळूची किंमत किती. तो कागद मॅडमचा. त्यांनी कच्चा आकडा पंचायतीत दाखवला होता.

"आकडा इतका बारीक निघाला की कोणी चष्मा लावला तरी दिसंना," जयाबाई म्हणाली. "नाशिकच्या लोकांचे फॉर्मच बाद धरलेत. म्हणे ते समुद्रासाठी येतच नाहीत. लग्नाकार्याला येतात."

"असं कोण म्हणालं?"

"तू."

मी बोंबील तसाच ठेवला. तुम्हाला सांगतो, असं याआधी कधी झालेलं नाय.

मॅडम सुरूखाली बसून फॉर्म लावत होत्या. मी चप्पल काढून समोर बसलो. कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

"मॅडम, वाळूची किंमत कशी काढतात?"

त्यांना वाटलं, मी टाइमपास करतोय. तरी त्यांनी सांगितलं. समुद्राला तिकीट नसतं. मग लोकांना तो किती हवाय, हे कसं कळणार? तर लोक किती लांबून येतात, येण्यासाठी किती खर्च करतात, दिवसाची कमाई सोडून येतात का, ते बघायचं. जेवढा त्रास घेऊन माणूस एखाद्या जागी जातो, निदान तेवढं तरी त्या जागेचं मोल त्याला वाटतं. याला त्या प्रवास खर्चाची पद्धत म्हणतात. गावातला माणूस चालत येतो, त्याचा खर्च शून्य. म्हणून लांबचा माणूस महत्त्वाचा. पण तो दुसऱ्याच कामाला आला असेल आणि वाटेत नुसता उतरला असेल, तर त्याचा खर्च समुद्राच्या नावावर लावता येत नाही.

"म्हणजे नवऱ्याची माया मोजायची तर तो सासुरवाडीला किती लांब जातो ते बघायचं," मी म्हणालो.

"साधारण तसंच."

"मग मी पण बाद. आमच्या मंडळींचं माहेर नांदूर नाक्यावर हाय. दहा मिनिटं लागतात."

त्या हसल्या नाहीत. मग मी खाली बघून बोललो.

"मॅडम, एक पण साखरपुडा नव्हता."

"मला माहीत आहे."

"माहीत हाय? मग लिहिलं का?"

"लोक सांगतात ते मी लिहिते, काका. मला काय वाटतं ते लिहायला लागले, तर उद्या माझ्या कागदाला कोण विचारेल? तुमच्या गाडीचे साखरपुडे आहेत, आणि त्या निळ्या गाडीची सगळी बारशी आहेत."

निळी गाडी संतूची. आमच्याच स्टँडवरचा. त्याला पण ही विद्या मीच शिकवली होती. फक्त त्याने कार्यक्रम बदलला, तेवढी हुशारी त्याची.

पुढच्या सोमवारी पंचायतीच्या हॉलमध्ये बैठक होती. म्हणजे हातात एकच रविवार. मॅडम म्हणाल्या, त्या दिवशी नव्याने फॉर्म भरू. पण खरं सांगायचं ते लोकांनी, आणि आपणहून.

"फॉर्मवर गाडीचा नंबर असतो का?" मी विचारलं.

"नसतो."

मी तेवढ्यावर सुटलो असं समजलो.

आठवडाभर मी स्टँडवर ड्रायव्हर लोकांना समजावत होतो. संतू तंबाखू मळत म्हणाला, "बाळ्या, दोन वर्षं तूच घोकून घेतलंस. आता म्हणतो खरं बोला. उद्या गाडी उचलून नेली तर खरं बोलून सोडवणार का?"

"बीच गेला तर गाडी नेणार कुठं?"

"घोटीला भाताच्या गोण्या वाहीन."

"गोण्या परत परत येत नाहीत, संतू. गोण्या म्हणत नाहीत, पुढच्या रविवारी खिडकीची सीट ठेवा."

त्याने तंबाखूचा बार भरला. शेवटी म्हणाला, "तू आधी सांग. तुला काय होतंय ते बघतो, मग आमचं ठरवतो." आमच्या स्टँडवर याला एकी म्हणतात.

रविवारी त्र्यंबकला चहा झाला. मी गाडीत उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, आज नाती वाटायची नाहीत. आज मॅडमना खरं सांगायचं."

सगळी गाडी माझ्याकडं बघून हसायला लागली. निफाडच्या अण्णांनी डोळा मारला. "कळलं, कळलं. खरं सांगायचं."

"अण्णा, खरंच खरं."

"अहो समजलं आम्हाला. पहिल्यांदा येतोय का?"

जव्हारपर्यंत मी घसा कोरडा केला. जितकं जास्त सांगावं तितकं ते जास्त हसत होते. वाळूत पोचल्यावर मॅडमनी पहिला फॉर्म अण्णांचाच घेतला. मुख्य कारण काय येण्याचं?

अण्णा छातीवर हात ठेवून म्हणाले, "ताई, तुमच्यापासून काय लपवायचं. साखरपुडा सगळा खोटा होता." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं अभिमानाने बघितलं. "थेट लग्नच हाय."

मॅडमनी फॉर्म उलटा करून ठेवला. जयाबाई कमरेवर हात ठेवून लांबून बघत होती. मला कळलं की माणसं माझं ऐकत होती, माझ्यावर विश्वास मात्र ठेवत नव्हती. दोन वर्षं मी शिकवलेलं खोटं ते खुशीने बोलले होते. खऱ्यासाठी माझी काही पत नव्हती.

मग मी मॅडमच्या समोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "मॅडम, माझा फॉर्म आधी लिहा. मी बाळू. ही गाडी सीटवारी चालते. मी माणशी पैसे घेतो. परमिटमध्ये ते बसत नाय. या सतरा जणांत माझं कोणी नातेवाईक नाय. साखरपुडा मी शिकवला. ही माणसं समुद्र बघायला येतात, दुसरं काही कारण नाय."

वाळूत कोणी हसलं नाय. अण्णांचा मारायला घेतलेला डोळा अर्ध्यातच थांबला.

"लिहिलंत का?" मी विचारलं.

"लिहिलं," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा मखमलाबादकडच्या एक ताई पुढं आल्या. फुलं लावतात, शेवंती, झेंडू. नेहमी मागच्या सीटवर बसतात, उलटीची पिशवी हातात घेऊन. म्हणाल्या, "माझं लिहा. पहाटे अडीचला उठले. आज फुलांचा तोडा बुडवला. रविवारी फुलाला चांगला भाव असतो, तो गेला. घाटात दोनदा उलटी झाली. लिहायचं का ते?"

"तोडा बुडाला ते लिहिते. एवढं सगळं करून का येता, ताई?"

ताईंनी समुद्राकडं बघितलं. "वर्षभर पाण्याच्या मागं धावते मी. मोटर चालू कर, बंद कर, पिकाला पाण्याचं बारं दे. इथं एवढं पाणी हाय आणि त्याला माझी काही गरज नाय. बरं वाटतं."

मग जोशीकाका बसले. महिन्यातून दोनदा येतो म्हणाले. घरी सुनेला सांगतो, नाशिकला डोळे तपासायला चाललोय.

"दर पंधरा दिवसांनी डोळे?" मॅडमनी विचारलं.

"सून काळजीत आहे. म्हणते, बाबा, डॉक्टर बदला."

अण्णा शेवटी आले. लग्न कॅन्सल करून टाकलं. म्हणाले, द्राक्षाची छाटणी चालू हाय, मजूर बागेत हायत, मी इथं. बायकोने विचारलं तर सांगतो, खताच्या दुकानात लाइन होती. "पण ते दुकान रविवारी बंद असतं," ते म्हणाले. "तिलाही माहीत हाय. ती बोलत नाय, मी बोलत नाय."

दुपारी संतूची गाडी आली. त्याने लांबून माझ्याकडं बघितलं, मला अजून कोणी धरून नेलं नव्हतं, ते बघून तो पण आपल्या पॅसेंजरांना घेऊन आला. एका दिवसात बारशी पण संपली.

सोमवारी मी गाडी घेऊन परत तिथं गेलो. खरं म्हणजे जायचं काही कारण नव्हतं. जयाबाईने फोन करून म्हटलं होतं, "येऊ नको, तू तोंड उघडलंस की काहीतरी होतं." म्हणून गेलो.

हॉल भरलेला होता. तालुक्याहून एक साहेब आले होते. आधी टोकाच्या वाडीतला एक जण उठला. त्याची मागची भिंत पावसाळ्यात समुद्रात गेली होती. म्हणाला, "पाहुण्यांची मजा बघायची का माझं घर?" तो बसला तेव्हा मला पण वाटलं, टाका बाबा दगड, जिथं पाहिजे तिथं.

मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, घरांपुढे दगड लागतीलच. पण जिथं घरं नाहीत तिथं पण दगड लावले, तर लाट दगडावर आपटून परत जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. मग थोड्या वर्षांत दगड राहतात, वाळू राहत नाही. मधला पट्टा, वाळू आणि सुरू, तसाच ठेवावा. आणि त्याची किंमत आता इतकी निघते. त्यांनी आकडा सांगितला. मागं बसलेल्या एकाने शिट्टी वाजवली.

सरपंच लगेच उठले. "एक मिनिट. मागच्या महिन्यात तुमच्याच कागदात नाशिकची माणसं लग्नाला येत होती. या महिन्यात समुद्राला यायला लागली? आकडा मोठा करायला कारण बदललं का?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मॅडमनी खाली बघितलं. माझं नाव त्यांच्या कागदावर होतं, पण त्यांनी ते घेतलं नाय. माझ्याकडं बघितलं पण नाय. जयाबाई मात्र बघत होती. तिचा मी कोण होतो? रविवारचा एक गाडीवाला. पण तिचं छप्पर त्या क्षणी माझ्या जिभेवर टांगलेलं होतं.

मी उठलो.

"साहेब, लग्नं मी लावली," मी म्हणालो. "मॅडमचा दोष नाय. मी सीटवारी पॅसेंजर भरतो, म्हणून त्यांना पाहुणे व्हायला शिकवलं. समोर जो येईल त्याला ते तेच सांगत राहिले. या आठवड्यात मी खरं सांगितलं, मग त्यांनी पण सांगितलं. आधीचा कागद माझ्यामुळं खोटा होता."

साहेब चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे तुम्ही परमिटचा भंग करता, हे इथं सगळ्यांसमोर सांगताय?"

"हो साहेब."

"गाडी कुठाय?"

"बाहेर उभी हाय. तुमच्या जीपच्या मागं. जीप काढताना सांगा, मी मागं घेतो."

अख्खा हॉल हसला. साहेब पण हसले, पण त्यांनी नंबर लिहून घेतला. ते दोन्ही कामं एकदम करू शकत होते.

मग त्यांनी विचारलं, "ठीक. पण वाळू ठेवली, झाडं ठेवली, तर पुढं साफसफाई, राखण, हे करायचं कोणी? पंचायतीकडे पैसे आहेत का?"

मला अजून हॉल हसल्याची नशा चढलेली होती. मी परत उठलो. "आम्ही देऊ की साहेब. लांबून येणारी माणसं हाओत आम्ही. गाडीमागं शंभर रुपये घ्या. खुशीने देऊ."

"खुशीने?" मॅडमनी विचारलं, आणि ते पण लिहून घेतलं.

निकाल यायला बरेच महिने गेले. टोकाच्या वाडीपुढं दगड पडले, आणि पडायलाच पाहिजे होते. मधला पट्टा वगळला. सुरू उभे हायत, जयाबाईचं छप्पर पण. तिने मला आता चार बोंबील वाढायला सुरुवात केली, पण तोंडाने आभार मानले नाहीत. म्हणाली, "घाण तूच केली होतीस, झाडलीस तूच, त्यात काय एवढं."

मला दंड बसला. भरला. सीटवारी बंद केली. आता जोशीकाका पूर्ण गाडी आपल्या नावावर घेतात आणि बरोबर कोण येणार ते तेच ठरवतात. काका माझ्यापेक्षा कडक हायत. मला मागच्या रविवारी म्हणाले, वेळेवर येत नसशील तर दुसरा ड्रायव्हर बघतो. सुनेला त्यांनी अखेर खरं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, मग चष्म्याचा नंबर खरंच वाढलाय की नाही?

आणि सुरूच्या झाडांकडे वळायच्या रस्त्यावर पंचायतीने बांबू आडवा टाकलाय. शेजारी खुर्ची, खुर्चीवर माणूस, माणसाकडं पावतीबुक. लांबून येणाऱ्या गाडीला शंभर रुपये. पहिल्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो, म्हणून एक नंबरची पावती माझी. मी म्हणालो, "अहो, या समुद्राला किंमत हाय हे मी सांगितलं हॉलमध्ये." तो म्हणाला, "हो, सरपंचांनी सांगितलंय. तुम्ही खुशीने देणार."

एखाद्या गोष्टीची किंमत चारचौघांत वाढवून सांगायला उभं राहायचं असेल, तर आधी बघून घ्यावं की गिऱ्हाईक कोण हाय.